अमावस्येची सुट्टी

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला महिन्यातून एक रात्र हक्काची मोकळी मिळते, ती अमावस्येची. त्या तिथीला मुहूर्त नसतो आणि हळद-संगीताचे कार्यक्रमही कोणी ठेवत नाही. नागपुरात हा व्यवसाय करताना अनेक वर्षं ती रात्र मी झोपेत घालवली. आता ती लेकीच्या नावावर झाली आहे. चंद्र नसलेलं आकाश आणि काम नसलेला बाप तिला एकाच रात्री मिळतात. म्हणून घरातल्या कालनिर्णयवर अमावस्यांभोवती लाल गोल आहेत आणि ते तिने केलेले आहेत.

माझं सगळं काम उजेडाचं. लॉनवर पोचलो की आधी मी दिवे पाहतो: स्टेजवर कुठून येतात, नवरीच्या कपाळावर सावली कुठे पडते, मागची एलईडी भिंत चेहऱ्याचा रंग किती खाते. उजेड कमी पडला तर आम्ही वाढवतो. अंधारात उभं राहून आहे तेवढ्याच प्रकाशाची वाट पाहायची, हे मला लेकीबरोबर शिकावं लागलं.

सुरुवात झाली २ एप्रिल २०२२ ला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. रात्री आठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. कोणी उल्का म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र, कोणाला विमान पेटल्यासारखं वाटलं. मग बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं आहे. त्या भागात धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. लेक तेव्हा केजीत होती. टीव्हीवर ते कडं पाहून तिने विचारलं, "आकाशातून आणखी काय काय पडते?" उल्का पडतात, धूळ पडते, असं मी सांगत गेलो. सगळ्यात जास्त प्रकाश पडतो, हे शेवटी माझ्या तोंडून निघालं आणि तिला तेच पटलं. तो प्रकाश आपण पकडू शकतो का, हा तिचा पुढचा प्रश्न. कॅमेरा घरात होताच.

आम्ही गच्चीपासून सुरुवात केली. घर शहराच्या उत्तर भागात, त्यामुळे गच्चीवरून कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या आणि त्यांवरचे लुकलुकणारे दिवे दिसतात. ध्रुवही त्याच दिशेला. शहराच्या उजेडात आकाशगंगेचं नाव काढायचं कारण नव्हतं, पण ध्रुवाभोवती फिरणारे तारे मिळण्यासारखे होते. ध्रुव शोधायला मी तिला मुठी वापरायला शिकवलं. हात समोर ताठ धरून मूठ आवळली की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळपास आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. नागपूर २१ अंशांवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी आणि वर थोडंसं. मुलांचा हात आखूड असतो तशी मूठही लहान असते, म्हणून हे माप त्यांनाही चालतं. तिने उत्तरेकडे तोंड करून मुठी मोजल्या आणि ध्रुव सापडला. श्रीनगरला साडेतीन मुठी भरतील आणि कन्याकुमारीला एक मूठही भरणार नाही, हे सांगितल्यावर तिने दोन्हीकडे जाण्याची मागणी नोंदवून ठेवली आहे.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला, लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवली आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो तासभर लागोपाठ काढत राहिलो. नंतर ते संगणकावर एकमेकांवर रचले. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्या तासात प्रत्येक ताऱ्याने ध्रुवाभोवती तेवढंच कोनमाप ओढलं होतं. जवळच्या ताऱ्यांच्या कमानी लहान, लांबच्यांच्या मोठ्या. खाली कोराडीच्या चिमण्या, वर कमानींचं वर्तुळ. "तारे फिरून राहिले का आपण?" तिने विचारलं. आपण, असं मी म्हटलं. मग ती स्वतःभोवती फिरत गच्चीवरच्या टाकीकडे पाहत राहिली, टाकी फिरताना दिसते का ते तपासायला.

याच फोटोवरून आमचं खरं काम सुरू झालं. एवढे फोटो जोडून एक केला, तर तो खरा कसा, असं तिने विचारलं. पंचवीसेक वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. गिऱ्हाईक विचारतं, चांगला येईल ना? गोरी दिसेल ना? खऱ्याची चौकशी कोणी करत नाही. आमच्या धंद्यात आता फोटोतलं आकाश बदलणं एका क्लिकचं काम झालं आहे. २०२० पासून फोटोशॉपमध्ये तशी तयार सोयच आहे. फुटाळा तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या जोडप्यामागे आकाशगंगा लावून द्या, अशी मागणी येते. फुटाळ्यावरून आकाशगंगा दिसत नाही. ती मागणी मी घेत नाही, पण का घेत नाही हे शब्दांत मांडायची वेळ लेकीमुळे आली.

दोघांनी मिळून एक नियम ठरवला आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तो तिच्या अक्षरात आहे: त्याच रात्रीचं, त्याच जागेवरचं, तिपाई न हलवता. या तीन अटींत बसेल ते जोडायचं. दुसऱ्या रात्रीचं आकाश आणायचं नाही, तारा मोठा करायचा नाही, विजेची तार मध्ये आली तर ती पुसायची नाही. रचलेल्या फोटोत घडून गेलेला तास असतो. चिकटवलेल्या आकाशात न घडलेली रात्र असते. हा फरक मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, असं माझं मत झालं आहे.

त्याच वहीत दोन रकाने आहेत, 'डोळा' आणि 'कॅमेरा'. आधी डोळ्याचा भरायचा. म्हणजे गच्चीवर गेल्यावर निदान वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच, अर्धा तास मिळाला तर आणखी उत्तम. मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर रबरबँडने बांधलेला असतो आणि तो तपासणं तिचं काम आहे. त्या वीस मिनिटांत ती जे पाहते ते लिहिते, चित्र काढते. कॅमेरा नंतर येतो आणि डोळ्याने पाहिलेल्यात भर घालतो. हा क्रम उलटा केला की मूल पडद्याकडे पाहत राहतं, वर पाहत नाही. फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या मोठ्यांनाही मी आता हाच क्रम सांगतो.

दुसऱ्या रकान्यात कधीकधी पहिल्यापेक्षा खूप जास्त असतं. त्यावरही ती अडली. "डोळ्याले तर हे रंग दिसून नाही राहिले, फोटोत कुठून आले?" तेव्हा मी तिला डोळ्याचं आणि कॅमेऱ्याचं काम वेगळं करून सांगितलं. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, क्षणाक्षणाला नवं चित्र पाहतो. कॅमेऱ्याचं सेन्सर वीस सेकंद उघडं ठेवलं तर त्या वेळात आलेला सगळा प्रकाश एकाच चित्रात जमा होतो. शिवाय फार मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करेनाशा होतात, उरतात त्या फक्त उजेड-अंधार जाणणाऱ्या. रंग तिथे असतोच, आपल्याला तो पोचत नाही. खात्री पटावी म्हणून आम्ही एक जुनी युक्ती केली. मृगाकडे कॅमेरा लावून फोकस थोडा थोडा बिघडवत गेलो. तारे पसरून टिकल्यांसारखे झाले आणि टिकल्यांत रंग उमटले: काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. तांबडा तारा जास्त तापलेला असणार, असं तिचं अनुमान होतं. आईने गॅसची निळी ज्योत दाखवली आणि तिथेच ते निकाली निघालं. निळा जास्त तप्त, तांबडा त्या मानाने थंड.

मग चंद्र. अमावस्येच्या रात्री तो नसतो, पण २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि तिला चंद्राचा फोटो हवाच झाला. पावसाळा सरल्यावर एका अष्टमीला आम्ही बसलो. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, विवरांना सावल्या नसतात आणि चंद्र सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं उठून येतात. रात्र आहे म्हणून ती शटर जास्त वेळ उघडं ठेवू पाहत होती आणि पडद्यावर नुसता पांढरा ठिपका येत होता. चंद्राचा उजेड असलेला भाग उन्हात असतो, तिथे भर दिवस चाललेला असतो, एवढं कळल्यावर तिने वेळ स्वतःच कमी करत आणली. एका सेकंदाचा शंभरावा, दोनशेवा भाग. विवरं आली. फोटोच्या छापील प्रतीवर तिने दक्षिणेच्या काठाजवळ पेनने फुली मारली आहे. यान फोटोत दिसत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून फुलीशेजारी 'दिसत नाही, पण आहे' असंही लिहिलं आहे.

याच सुमारास एका नातेवाइकाने त्याच्या फोनवर काढलेला चंद्र दाखवला. आमच्यापेक्षा किती तरी स्पष्ट. काही फोन चंद्र ओळखतात आणि आपल्या साठ्यातल्या माहितीवरून त्यात तपशील भरतात. २०२३ च्या मार्चमध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला होता आणि फोनने त्यात नसलेली विवरं उमटवून दिली होती. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने फोन परत देताना एवढंच विचारलं की हा चंद्र कोणत्या रात्रीचा आहे. फोटोच्या खरेपणाची यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही. एका होर्डिंगवर ताऱ्यांखाली उभं जोडपं होतं, ते पाहून ती गाडीतून ओरडली, "बाबा, विंचू उलटा आहे!" विंचवाच्या आकाराचा तो तारकासमूह आरशातल्यासारखा फिरवलेला होता. तिने विंचवाची नांगी किती तरी वेळा वहीत काढली होती, म्हणून तिला ते दिसलं.

विंचवाच्या नांगीशेजारचा आकाशगंगेचा दाट भाग पाहायला शहराबाहेर जावं लागतं, आणि नागपूरकरांना त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. भारतातलं ते पहिलं, आशियातलं पाचवं. मान्यता नुसत्या जंगलाला मिळत नाही. सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. गावात अंधार केलेला नाही. रस्ता दिसतो, ओसरी दिसते, फक्त उजेड वर उधळला जात नाही. हे मी उजेडाचा धंदा करणारा माणूस म्हणून फार बारकाईने पाहिलं आणि मला ते काम अतिशय नेमकं वाटलं. दिवा कुठे लावायचा यापेक्षा त्याचं तोंड कुठे ठेवायचं हे ठरवणं कठीण असतं. ते त्या गावांनी ठरवलं.

आम्ही गेलो वैशाखाच्या अमावस्येला, उन्हाळ्याच्या सुट्टीत. जबलपूरच्या रस्त्याने कामठी, कन्हान, मनसर मागे टाकून पवनीहून सिल्लारीकडे वळायचं. सत्तरेक किलोमीटर. जंगलाची फाटकं रात्री बंद असतात, वाघ गावालगतही येतो, म्हणून जिथे मुक्काम तिथल्या आवारातच तिपाई लावायची. मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच मनाशी पक्कं करावं. पांघरूण, पाणी, चिवडा, डासांचं मलम आणि झोप आली तर आडवं व्हायला सतरंजी. मी दोन बॅटऱ्या जास्त घेतो. मे महिन्यात जमीन रात्रीही तापलेली असते आणि गरम सेन्सरवर फोटोत बारीक रंगीत कण येतात. लागोपाठ चार-पाच फोटो काढले की कॅमेऱ्याला थोडी विश्रांती द्यायची.

त्या दिवसांत नागपुरात नवतप्याची, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांची, चर्चा सुरू असते. सूर्य रोहिणीत शिरतो तो साधारण २५ मेला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृगात. लेकीला याचं फार आश्चर्य वाटलं होतं. मृग लागला म्हणतात आणि मृगाचे तारे कुठेच दिसत नाहीत. दिसणार कसे? सूर्य त्याच दिशेला असतो, ते दिवसाच उगवून दिवसाच मावळतात. माझ्या आजीला हे सगळं पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून बाजा टाकल्या जात आणि ती निजल्या निजल्या सप्तर्षींना खाटलं म्हणत असे, त्यामागे लागलेले तीन चोर दाखवत असे. कूलर आले, माणसं खाली गेली. माझ्या पिढीने आकाश तिथेच सोडलं.

पेंचच्या त्या रात्री जेवणं झाली, दिवे गेले आणि आम्ही आमची वीस मिनिटं बसलो. रातव्याची टकटक ऐकू येत होती. अकरानंतर आग्नेयेकडून एक फिकट पट्टा वर यायला लागला. तिला आधी ढग वाटला. हा ढग पुढे सरकत नाही आणि त्यातून तारे दिसतात, असं तिचं तिनेच वहीत लिहिलं, तेव्हा मी आकाशगंगा हे नाव घेतलं. मध्यरात्रीनंतर विंचू दक्षिणेला चढला. त्यातला ज्येष्ठा तारा नागपूरच्या आकाशात चाळीसेक अंशांवर येतो, म्हणजे चार मुठी. उत्तर युरोपातल्या मुलांना तो क्षितिजालगत शोधावा लागतो, आपल्याला तो सहज दिसतो.

मग कॅमेरा. एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंद. फोकस एका तेजस्वी ताऱ्यावर, पडद्यावर मोठा करून हाताने. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. शटर तिने दाबलं आणि मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजले. फोटोत धुळीच्या काळ्या रेघांसकट पट्टा आला. त्या धुळीमागे, साधारण २६ हजार प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेचं केंद्र आहे. तिने 'कॅमेरा' रकाना भरला आणि मग दक्षिणेला अगदी खाली बोट दाखवून विचारलं, हा पांढरा उजेड कशाचा?

तो नागपूरचा होता. सिल्लारीहून नागपूर दक्षिणेला येतं, आणि आकाशगंगेचा सगळ्यात दाट भागही आपल्याकडून दक्षिणेलाच दिसतो. इतक्या दुरून आपल्या शहराचा उजेड विंचवाच्या नांगीखाली घुमटासारखा उभा होता. पुसू का, असं मी मुद्दाम विचारलं. ती नाही म्हणाली, नियम आहे. फोटो तसाच आहे, उजेडासकट. माझ्या स्टुडिओत नवरा-नवरींच्या फोटोंशेजारी तो लावला आहे आणि लोक विचारतात तेव्हा त्या खालच्या उजेडाबद्दल मी आधी सांगतो. त्यात मी लावलेले दिवेही आहेतच. आता लॉनवाल्यांशी बोलताना मी दिव्यांची तोंडं खाली ठेवायला सांगतो. फोटोही त्याने सुधारतात. वर गेलेला उजेड चेहऱ्याच्या कामाचा नसतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत गच्चीवर व्याधाचा फोटो काढताना मी तिला त्याचं अंतर सांगितलं: ८.६ प्रकाशवर्षे. ती तेव्हा साडेआठ वर्षांची होती. तिने बोटांवर हिशोब केला, म्हणाली, म्हणजे मी झाले तेव्हाचा हा प्रकाश आहे. बरोबर. मग तिने ध्रुवाचं अंतर विचारलं. चारशेहून अधिक प्रकाशवर्षे. बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये नागपूर वसवलं, त्याच्याही आधी तो प्रकाश निघाला. वहीत त्या दिवशी 'डोळा' रकान्यात पहिल्यांदाच ताऱ्यांपुढे वर्षं लिहिली गेली आहेत.

पेंचला जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी मुलांना गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण दाखवावं आणि मग स्वतःच्या गच्चीवर न्यावं. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजापासून पाच मुठींवर व्याध आणि त्याच्या सरळ खाली, क्षितिजापासून दीड मुठीवर, अगस्ती. शहरातूनही दोन्ही दिसतात. कॅमेरा नसला तरी चालेल, वही मात्र असू द्या. आणि गच्चीवर दिवा असेल तर त्याचं तोंड खाली करा. त्याला एक पाना आणि पाच मिनिटं पुरतात.